फडक्याचं कौतुक

एक होते वृद्ध चित्रकार आणि एक होती त्यांची शिष्या, इरावती. तिचं पहिलंवहिलं मोठं चित्र नुकतंच पूर्ण झालं होतं. तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि त्यांतल्या एकीच्या पाठीवर बगळा. तिनं ते इंटरनेटवर विक्रीला ठेवलं आणि घटकेघटकेला फोन बघू लागली.

एके दिवशी परदेशातल्या कुणा व्यापाऱ्याचा निरोप आला. "अद्वितीय कला! माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगाल त्याच्या दुप्पट देतो. फक्त वाहतुकीचा विमा आधी तुम्ही भरा, तो चित्राच्या पैशांबरोबर परत करीन."

इरावतीचे पाय जमिनीवर ठरेनात. आजवर तिच्या चित्राला कुणी धड 'बरं आहे' म्हटलं नव्हतं, आणि इथे थेट डोळ्यांत पाणी! शिकवण्या करून रंगांसाठी साठवलेलं सगळं त्या विम्यापायी जाणार होतं. पण जाईना का! आशीर्वाद घ्यायला ती गुरुजींकडे धावली.

गुरुजींनी निरोप शांतपणे वाचला. मग कुंचले पुसायचं कळकट फडकं खिळ्यावरून काढून खिडकीपाशी अंथरलं.

"याचा फोटो काढ आणि पाठव त्यांना. विचार, हे कसं वाटतं?"

"अहो गुरुजी, हे फडकं? हसतील मला! हातातलं गिऱ्हाईक जाईल."

"गेलं तर जाऊ दे. पाठव तू."

मनातल्या मनात चरफडत तिनं फोटो पाठवला. उत्तर क्षणार्धात आलं. "अद्वितीय कला! पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही घेतो. विमाही दोन्हींचा भरा."

इरावतीची कानशिलं तापली. आणि मग तिला असं हसू फुटलं, की गुरुजीही हसू लागले.

"बाळ," ते म्हणाले, "या सद्गृहस्थांनी तुझी म्हैस पाहिली नाही की बगळा पाहिला नाही. पाहिली ती फक्त तुझी कौतुकाची भूक. आपण कलावंत नेमके तिथेच फसतो. खरा घेणारा चित्र निरखतो, खोड काढतो, घासाघीस करतो आणि पैसे देतो. विकणाऱ्याकडेच पैसे मागतो, तो घेणारा कसला?"

इरावतीनं उत्तर लिहिलं, "क्षमस्व. फडकं विकायचं नाही, ते कामाचं आहे." आणि त्या व्यापाऱ्याला ब्लॉक करून टाकलं.

पुढे दिवाळीच्या सुमारास एका बाईंचा फोन आला. कौतुक नाही, काही नाही. "काय हो, तुमचा बगळा उडायच्या बेतात आहे ना? मग त्याचे पाय असे सैल कसे?"

"गुरुजी," इरावती आनंदानं ओरडली, "गिऱ्हाईक आलं!"

बाई आल्या, चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, भरपूर घासाघीस केली. पैसे खात्यात जमा झाल्याचं स्वतः बँकेत पाहून आल्यावरच इरावतीनं चित्र बांधायला घेतलं. त्याआधी बगळ्याचे पाय तेवढे बाईंच्या देखत नीट करून दिले.

आपणही कुणाच्या स्तुतीनं हुरळून जाऊ, तेव्हा एकदा फडकं पाठवून पाहावं.