अर्थिंगचा बोल्ट

दसऱ्याच्या पूजेला गाडी चकाचक दिसावी म्हणून ट्रान्सपोर्टवाल्या बापूसाहेबांनी ट्रेलरचा बोल्ट न् बोल्ट काढून रंगवायला लावला. ड्रायव्हर यल्लाप्पा म्हणाला, "मालक, अर्थिंगच्या बोल्टाला तेवढा रंग नको."

"तू गाडी चालव, अक्कल चालवू नको."

पूजा झाली आणि ट्रेलरचे मागचे सगळे दिवे बंद पडले. बापूसाहेबांनी खापर यल्लाप्पावरच फोडलं आणि चावी काढून घेतली. नवे बल्ब आणले, नवी वायर ओढली, तरी दिवे लागेनात.

शेवटी म्हातारे वायरमन हुसेनचाचा आले. त्यांनी आधी यल्लाप्पाला विचारून घेतलं. मग दिव्यांची परतीची वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडणारा अर्थिंगचा बोल्ट काढला, खालचा रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला. सगळे दिवे लागले.

"एवढ्याशा रंगानं अडलं होतं?" बापूसाहेब म्हणाले.

"करंट दिव्यापर्यंत जाऊन भागत नाही, मालक. त्याला परत यायची वाटही मोकळी लागते," चाचा हात पुसत म्हणाले. "तुमचा हुकूम यल्लाप्पापर्यंत रोज पोहोचतो. त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत यायची वाट मात्र तुम्ही रंगवून टाकलीत."

बापूसाहेबांनी खिशातली चावी यल्लाप्पाच्या हातावर ठेवली.

"पुढच्या दसऱ्याला कुठं रंग मारायचा नाही, ते रंगाऱ्याला तूच सांग."