संशयी बोका आणि दोन होड्या

होड्यांना वाचा होती त्या काळी एक बोका मासेमारीसाठी होडी निवडायला खाडीवर आला. पहिल्या होडीच्या तळाशी पाणी होतं.

"गळतेस वाटतं?" बोक्याने डोळे बारीक केले.

"नाही रे, मालकानेच ओतलंय. ओल्या फळ्या फुगतात आणि फटी मिटतात."

"ही सारवासारव मला नको सांगूस!" बोक्याने तिला तीनतीनदा हुंगलं. ओतलं कधी, कशाने, पाहिलं कोणी, सगळं खोदून खोदून विचारलं. तरी विश्वास बसेना.

शेजारची होडी महिनाभर उन्हात पडून कोरडी ठणठणीत झाली होती. बोक्याने लगेच तीच पाण्यात लोटली.

भर खाडीत फळ्यांच्या फटींतून पाणी आत शिरलं. बोका किंचाळला, "आधी का नाही बोललीस?"

बुडता बुडता होडी म्हणाली, "मला तू विचारलंस कुठे?"