पाटणकरकाकूंचा दांडा

"मास्तर, शेवटचं विचारतो. हा, की तो?"

दस्तगीर मास्तर ढोलकीची दोरी ताणत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

मिरजेच्या त्यांच्या दुकानात तन्मय बोंद्रेची ही पाचवी खेप. मास्तरांनी तीस वर्षं बँडमध्ये ड्रम वाजवला आणि मग हे दुकान टाकलं. तन्मयला काठ्या धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. आता त्याला फ्लॅटमध्ये सरावासाठी छोटा इलेक्ट्रॉनिक ड्रम हवा होता. मास्तरांनी एक काळा, एक निळा असे दोन सेट घरी वापरून बघायला दिले, तर पठ्ठ्याने अठ्ठावीस मुद्द्यांचा तक्ताच करून आणला. गिऱ्हाईक तक्ता घेऊन आलं की दुकानदाराने चहा मागवावा आणि गप्प बसावं. मास्तरांनी तेच केलं.

"काळ्याचं पेडल दाबलं की हातोडी पॅडवर आपटते. धप्प! निळ्याला हातोडीच नाही, नुसती पट्टी दाबायची."

"मग?"

"मग काय मास्तर! खाली पाटणकरकाकू राहतात. काळा सुरू केला की झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. कानात हेडफोन असले तरी तळपायाला कळतं."

"मग निळा घे."

"निळ्यावर पाय बसत नाही हो! आणि रविवारी ऑर्केस्ट्राची चाचणी. लय सोडून पळतोस म्हणून दोनदा परत पाठवलंय मला. तिसऱ्यांदा नाही म्हणाले की संपलंच. सगळा घोळ माझ्या त्या जुन्या सरावाच्या पॅडचा."

"पॅडचा..." मास्तर म्हणाले. "आमच्या बँडमध्ये एक क्लॅरिनेटवाला होता. सूर चुकला की तोंडाकडची वेताची पत्ती बदलायचा. एका हंगामात चाळीस पत्त्या."

"मग सुधारला?"

"पत्तीवाल्याने घर बांधलं."

तन्मयने कपाळावर हात मारला. दुकानदार असून माल विकत नाही, गुरू असून उत्तर देत नाही. या माणसाचं करायचं काय?

मास्तरांनी दोरी बांधली, चपला सरकवल्या. "चल. तुझ्या घरी."

पण वर ते गेलेच नाहीत. खालच्या मजल्यावर पाटणकरकाकूंची बेल वाजवली.

"तू वर जा. काळा वाजव. मी इथे बसतो."

तन्मय दाणदाण पायऱ्या चढला, हेडफोन चढवले आणि सुरू झाला. मिनिटभरात तळपायाला जाणवलं. ठक. ठक.

तो धावत खाली आला. "बघितलंत? बघा, दांडा अजून हातात आहे!"

काकू झाडू उलटा धरून ताठ उभ्या होत्या. चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नाही. मास्तर बशीतून चहा पीत होते.

"परत जा," ते म्हणाले. "आता हेडफोन काढून."

"काढून? मग ऐकू काय येणार? रबराची टपटप?"

"काढून."

तन्मय पुटपुटत वर गेला. रबराची टपटप, पायाची धप्प... आणि खालून ठक. पहिली चार आवर्तनं ती ठक त्याच्या पायाखाली बरोबर पडत होती. पाचव्याला त्याचा पाय पुढे गेला. ठक मागून आली. पुढच्या वेळी आणखी मागून.

तो थांबला.

खालची ठक थांबली नाही. एक, दोन, तीन, चार. कवायतीच्या मैदानावर पावलं पडावीत तशी.

या वेळी तो सावकाश खाली उतरला.

"काकू... हे रोज असंच?"

"रोज. पाचव्या फेरीला पळतोस. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत लेझीम घेतली मी. दोनशे मुली, एक पळाली नाही कधी!"

"मला वाटलं तुम्ही बंद कर म्हणताय. सांगायचं तरी..."

"तीनदा वर आले सांगायला! कानांवर ती झाकणं. बेल ऐकू येईल तर ना मेल्या!"

तन्मयने खिशातून तक्ता काढला. त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. आणि मग पुन्हा चिडला.

"ते सगळं मान्य, मास्तर. चुकलो. पण आता तरी सरळ सांगा. कुठला घेऊ?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली. वर पाहिलं. छताला एके जागी रंग उडून रुपयाएवढा खळगा पडला होता...

"काकूंना ऐकू जाईल तो."