लेकीच्या हातातली बादली

एका गावात शेवंता नावाची एक आई होती. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. पण त्या रागाला कारण होतं. सातवी झाली आणि घरच्यांनी तिच्या हातातलं दप्तर काढून घेतलं, बादली दिली. तिथंच तिची शाळा संपली. म्हणून आपल्या लेकीला, मथूला, ती रोज बजावायची, "पाणी मी भरीन, भांडी मी घाशीन. तू फक्त शीक."

त्या वर्षी गावात तापाची साथ आली. शाळेला लागूनच बालवाडी होती आणि बालवाडीच्या मागं एक मोठं डबकं साचलं होतं. काळं पाणी, वर डासांचं घोंगावणं. शेवंताचा धाकटा, नामू, त्याच बालवाडीत जायचा. तोही तापानं फणफणला. त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवता ठेवता शेवंताच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. "त्या धुरपदाकाकूच्या मोरीचं पाणी आहे ते. दिवसभर भसाभसा ओतत असते. माझ्या लेकराच्या जिवावर उठलीय!"

धुरपदाकाकू शेजारीच राहायच्या. त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "माझं पाणी माझ्या केळीला जातं गं! तुझं कुठं जातं ते बघ आधी!"

गावात ज्याला विचारावं तो हेच म्हणे. डबकं सगळ्यांना दिसत होतं, पण पाणी कुणाचंच नव्हतं.

एके दिवशी शेवंता नामूचं औषध घेऊन येत होती. वाटेत पाहते तर काय, मथू बादली घेऊन घराघरांतून फिरतेय! सोबत वर्गातल्या आणखी पोरी. शेवंताच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक शाळेत शिरली. मथूच्या वर्गाच्या खरातबाई फळ्यावर गणित मांडत होत्या.

"बाई, पोरीला शिकायला धाडते मी, गटारी उपसायला नाही! बादलीच द्यायची होती तर माझं घर काय वाईट होतं?"

खरातबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे शिकणंच चाललंय." त्यांनी टेबलावरची काचेची बरणी पुढं केली. डबक्यातल्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. "हे आमचं विज्ञान. याचेच डास होतात. कुठल्या घरातून किती बादल्या सांडपाणी निघतं, हे आमचं गणित. आणि ते पाणी जातं कुठं, हे आज पोरं शोधणार आहेत. ते झालं की आमचं नागरिकशास्त्र."

"तुमचं शास्त्र ठेवा तुमच्यापाशी! पुस्तकात असतंय का हे?"

"पुस्तकात 'परिसर स्वच्छ ठेवा' एवढंच आहे. ते पोरांनी पाठ केलंय. डबकं काही हललं नाही."

 शेवंताला आणखीच राग आला. "आत्ता बघते, काय शोधता ते," म्हणत ती पदर खोचून डबक्यापाशी जाऊन उभी राहिली. चार बायका आणखी गोळा झाल्या. धुरपदाकाकू तर सगळ्यांत पुढं.

बाईंनी पोरांना रंगपंचमीचे उरलेले रंग आणायला सांगितले होते. ज्याचं घर त्यानंच तपासायचं, असा नियम ठरला होता. धुरपदाकाकूंच्या नातवानं त्यांच्या मोरीत हिरवं पाणी ओतलं. ते केळीच्या आळ्यात जाऊन जिरलं. कुणाचं पिवळं ओढ्याकडं गेलं. मग मथूनं आपल्या मोरीत गुलाबी रंगाची बादली रिकामी केली.

गुलाबी पाणी भिंतीमागच्या चरातून निघालं, बोळातून वळलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डबक्यात येऊन पडलं.

तो चर शेवंतानंच खुरप्यानं काढला होता. दारात चिखल नको म्हणून. अंगण कोरडं झालं होतं, आणि पुढं पाणी कुठं जातं हे तिनं कधी वळून पाहिलंही नव्हतं.

"शेवंते, रंग झकास खुललाय गं!" धुरपदाकाकू म्हणाल्या. बायका फिदीफिदी हसल्या.

पाण्यामागोमाग धावत आलेल्या लेकीला बाई म्हणाल्या, "मथू, काय दिसलं ते सांग. तेच आपण ग्रामसभेत मांडणार आहोत."

शेवंतानं लेकीचं मनगट घट्ट पकडलं आणि दातओठ खात पुटपुटली, "तोंड उघडलंस तर याद राख! आपल्याच घराची लाज काढतीस?"

मथूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाचं नाव सांगू, आई?"

शेवंतानं मान वर केली. समोर धुरपदाकाकू उभ्या होत्या. आजवर तिनं त्यांचंच नाव घेतलं होतं. चारचौघांत, शिव्यांसकट. आणि घरात नामू तापानं कण्हत होता.

तिनं मनगट सोडलं आणि तरातरा घराकडं निघून गेली.

"गेली कडी लावून बसायला," कुणीतरी म्हणालं.

पण शेवंता परत आली ती खांद्यावर कुदळ घेऊनच. चेहरा अजून लालबुंद होता. "हसता काय? या पुढं! हो, माझंच पाणी आहे. माझ्याच पाण्यानं माझं पोर तापलंय. काकू, तुमच्यावर खोटा आळ घेतला मी. आणि बाई, तुम्ही उभ्या काय? पाणी जिरायला खड्डा लागेल ना? केवढा खणू?"

 बाईंनी मथूकडं पाहिलं.

मथूनं डोळे पुसले. मोरीमागं जाऊन काठीनं जमिनीवर चौकोन आखला. "आई, आपल्या घरातून दिवसाला वीस बादल्या पाणी निघतं. म्हणून खड्डा माझ्या गळ्याइतका खोल हवा. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू."

शेवंता खणत राहिली. प्रत्येक घावाला काही ना काही बडबडत होती. स्वतःवर, गावावर, आपल्या हातातून सुटलेल्या शाळेवर. थोड्या वेळानं धुरपदाकाकू दगडांची पाटी घेऊन आल्या आणि तिच्याशेजारी ठेवून गेल्या.

खड्डा दगड-विटा-वाळूनं भरून झाल्यावर मथूनं बादलीभर पाणी त्यात ओतलं. पाणी हां हां म्हणता जिरलं.

लेकीच्या हातात बादली होती. शेवंतानं ती पाहिली, कपाळावरचा घाम पुसला आणि खेकसली, "बघत काय बसलीस? अजून एक ओत. नीट मोज."

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारात लोटलेली घाण फिरून आपल्याच लेकराला डसते, आणि गावाच्या चिखलात पाय घालून खरं बोलायला जी शाळा शिकवते, तिचंच शिक्षण गावाच्या कामी येतं.