तीस कोसांवरचा नगारा

"नगारा वाजला आणि ठकू जागची हलली नाही!"

कारभारी भुजंगरावांनी ही खबर दिली, तेव्हा राजा धैर्यधराच्या हातातला विडा गळून पडला. गुन्हा काही लहानसहान नव्हता! फौजेच्या सन्मानासाठी त्याने गडावर एकवीस नगारे बसवले होते. दिवसातून सात वेळा ते धडधडायचे, आणि हातातलं काम टाकून प्रजेने उभं राहून जयजयकार करायचा. न्हाव्याने अर्धी दाढी सोडून उठायचं, बाळंतिणीने बाळ सोडून उठायचं. आणि गडाखाली वहाणा शिवणारी ही बाई खुशाल बसून राहिली!

ठकूला दरबारात हजर केलं.

"फौजेचा अपमान करतेस?" राजा गरजला.

"फौजेचा न्हाई, सरकार. नगाऱ्याचा!" ठकू म्हणाली. "सरहद्दीवरनं आलेल्या शिपायांचे पाय बघितलं मी. भेगांतनं रगात येतंय. वहाणांसाठी कोठीवर कातडं मागितलं, तर म्हनले, सगळं नगाऱ्यांना गेलं. मग मी उठायचं कुनासाठी?"

भुजंगराव उसळले. "राज्याचं अन्न खाते आणि राज्याशीच गद्दारी! मी सातही वेळा उभा राहतो!"

"आन् सरहद्दीवर किती येळा ऱ्हायलात, कारभारी?"

"माझे गुडघे दुखतात!"

दोघातिघांनी उपरण्यात तोंड लपवलं. राजाला मात्र हसू आलं नाही. त्याच्या मनात एक सल होता. सरहद्द तीस कोसांवर, आणि नगारे काही पाच कोसांपलीकडे ऐकू जात नव्हते. ज्यांच्यासाठी एवढा दणदणाट, त्यांनाच त्याचा पत्ता नाही!

"एवढी शहाणी आहेस ना?" तो म्हणाला. "मग माझा नगारा सरहद्दीपर्यंत पोचवून दाखव! आठ दिवसांत तिथल्या शिपायाने इथे येऊन कबूल केलं पाहिजे. नाहीतर सामान उचल आणि राज्याबाहेर चालती हो!"

ठकूचा बाप, आजा, सगळे याच गडाखाली शिवत म्हातारे झालेले. बाहेर तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी ती म्हणाली, "एक नगारा मला द्या, सरकार. पोचवायचं माझं मी बघीन."

"दिला!"

मग आठ दिवस गडाखालून कसलाच आवाज नाही. भुजंगराव रोज गच्चीवर जाऊन कानामागे हात धरत आणि खुशीत खाली येत.

आठव्या दिवशी ठकू भरल्या दरबारात उभी होती, तोच सरहद्दीवरचा सिदोजी नाईक आला. अंगभर धूळ. दाराशी वहाणा काढायची रीत होती. त्याने त्या काढल्या खऱ्या, पण काखेत मारून तो सरळ आत शिरला!

"दरबारात वहाणा?" भुजंगराव किंचाळले.

"वहाणा कुठल्या? सरकारचा नगारा हाय ह्यो!"

नाईकाने वहाणेचा तळ वर केला. नगाऱ्यावर रंगवलेला सूर्य, खुद्द राजाची निशाणी, अर्धामुर्धा तिथे दिसत होता. ठकूने नगाऱ्याचं कातडं उतरवून, भिजवून, त्याला तेल पाजून अकरा जोड शिवले होते आणि सरहद्दीला निघालेल्या जासुदाबरोबर धाडून दिले होते.

"राजचिन्ह पायदळी! महाराज, हिचा कडेलोट करा!" भुजंगराव ओरडले.

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "नाईक, आधी सांग. नगारा पोचला?"

"पोचला, सरकार. अकरा जनांच्या पायात हाय. डोंगरभर काटे तुडवत हिंडतोय, पर पाय शाबूत हाईत!"

"आणि माझी निशाणी पायाखाली घातलीस, ठकू, तिचं काय?"

ठकूने मान वर केली. "सरकार, हितं नगारा वाजला की मानसं घटकाभर उभी ऱ्हात्यात. तिथं त्योच नगारा पायात घालून रातंदिस उभी हाईत. आता त्याची जागा कुठली, ते तुमीच सांगा!"

राजाने वहाणेवरचा तो अर्धा सूर्य पुन्हा न्याहाळला. मग आधी त्याच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि तो खदाखदा हसत सुटला!

"उरलेले वीसही हिला देऊन टाका!" डोळे पुसत तो म्हणाला. "आणि कातड्याच्या कोठीच्या किल्ल्यासुद्धा!"

हे ऐकताच भुजंगरावांसकट सारा दरबार उठून उभा राहिला आणि सवयीने जयजयकार करू लागला. कुणाचा, ते कुणीच विचारलं नाही.