यादगिरीचा चकचकीत पडदा

चादरी विणणाऱ्यांच्या एका गावात यादगिरी नावाचा नक्षीकार राहत होता. चादरीवर जे मोर आणि जी कमळं उमटतात, ती आधी कुणाला तरी बारीक बारीक चौकटी भरून काढावी लागतात. एक चौकट चुकली, तर मागावर मोराची मान वाकडी विणली जाते. यादगिरी हे काम घरीच लॅपटॉपवर करायचा. घर एका खोलीचं. खोलीला एकच मोठी खिडकी. खिडकीच्या एका बाजूला त्याचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोची, राजव्वाची, शिलाई मशीन. ती टॉवेलच्या कडा शिवून द्यायची.

यादगिरीचा जुना लॅपटॉप बंद पडला. नवा घ्यायला तो अंबादासला सोबत घेऊन बाजारात गेला. अंबादासही नक्षीकारच होता. दोघं लहानपणापासूनचे मित्र.

दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले.

"आतून दोन्ही सारखेच आहेत, मालक. फरक फक्त पडद्याचा. हा ग्लॉसी, म्हणजे चकचकीत. तो मॅट, बिनचकाकीचा."

ग्लॉसी पडद्यावर लाल रंग ओल्या कुंकवासारखा दिसत होता. मॅट पडद्यावर तोच रंग जरा उतरल्यासारखा वाटत होता. दुकानाला खिडकी नव्हती. दिवे होते, तेही नीट बेताने लावलेले.

अंबादास म्हणाला, "तू खिडकीपाशी बसतोस बे. चकचकीत पडद्यात उजेड दिसेल, काम दिसणार नाही. मॅट घे."

"तुला रंगातलं काही कळत नाही, म्हणून मीही फिकटच बघायचं का?" यादगिरी म्हणाला.

दुकानदार हसला. यादगिरी ग्लॉसी लॅपटॉप घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो उघडला. पडद्यावर आधी खिडकीचे गज दिसले. मग शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसले. मग त्याचं स्वतःचं तोंड दिसलं. या सगळ्याच्या मागे कुठेतरी मोर होता. गजांच्या चौकटी आणि नक्षीच्या चौकटी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

राजव्वा मागे येऊन उभी राहिली.

"छान आहे हो. मला वेणी घालायला आरसा नको आता."

यादगिरीला हसू आलं नाही. त्याने टेबल फिरवून पाहिलं. पण खिडकी नाहीतर दार, पडद्यात काहीतरी यायचंच. शेवटी त्याने खिडकी लावून घेतली. मोर स्वच्छ दिसला. "बघ," तो म्हणाला, "रंग बघ कसे आलेत!"

राजव्वाने मशीन भिंतीकडे सरकवली आणि वरचा दिवा लावला. तो दिवा पडद्यात दिसू लागला. यादगिरीने त्याला पुठ्ठ्याचा आडोसा केला. मग त्याचा पांढरा सदरा पडद्यात दिसायला लागला, म्हणून तो काळा सदरा घालून बसू लागला. राजव्वा पाणी प्यायला उठली, की तिची सावली मोरावरून जायची.

"मागून जाऊ नकोस गं," तो म्हणायचा.

ती तहान धरून बसायची.

उन्हाळा वाढला. बंद खोलीत जीव गुदमरायचा. संध्याकाळी दोघं डोळे चोळत जेवायला बसायची आणि फारसं न बोलता उठायची. यादगिरीला आपलं चुकलं हे पहिल्याच सकाळी कळलं होतं. पण आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

एकदा अंबादास आला आणि दारातच थबकला.

"काय बे, भर दिवसा अंधार करून बसलाय? मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय!"

अंबादासने लॅपटॉपकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. तो हळू आवाजात म्हणाला, "पडद्यावर चिकटवायचा मॅट कागद मिळतो. चकाकी जाते. लावून टाक की."

मशीन थांबली. राजव्वाने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"नको," यादगिरी म्हणाला, "माझं झकास चाललंय. मला असंच आवडतं."

अंबादास चहा न घेताच गेला. राजव्वाने पुन्हा मशीन सुरू केली.

त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, मशीन मध्येच थांबली. यादगिरीने मान वळवली नाही. मोराच्या पिसाऱ्यात तो गुंतला होता.

"अहो," राजव्वा म्हणाली, "जरा येता का?"

तिचा आवाज इतका बारीक होता, की तो दचकून उठला. अंधारात त्याला काही कळेना. त्याने धावत जाऊन खिडकी उघडली. उजेडात दिसलं ते असं: मशीनची सुई राजव्वाच्या बोटात, नखातून आरपार गेली होती. पांढरा टॉवेल लाल झाला होता. शेजारी टॉवेलांचा ढीग पडला होता. कडा वाकड्या गेल्या होत्या. त्या उसवून तिने पुन्हा शिवल्या होत्या, कित्येक तर दोनदा. तिचं काम दुप्पट झालं होतं आणि त्याच खोलीत बसून त्याला पत्ता नव्हता.

त्याने मशीनचं चाक फिरवलं. सुई वर आली. राजव्वाने बोट पदरात घट्ट गुंडाळलं आणि डोळे मिटून घेतले. मग ती म्हणाली, "खिडकी लावून घ्या. तुमचा मोर अर्धा राहिलाय."

ती टोमणा मारत नव्हती. इतक्या दिवसांत तिला अंधाराची सवयच लागली होती.

यादगिरी खाली बसला. त्याला वर बघवेना.

तिला दवाखान्यात नेऊन आणल्यावर तो तडक अंबादासच्या घरी गेला. वाटेत त्याने बरीच वाक्यं जुळवली होती. दारात गेल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

"माझं चुकलं रे," तो म्हणाला, "त्या दिवशी दुकानातही, आणि तू घरी आलास तेव्हाही. तो कागद कुठे मिळतो?"

"चल," अंबादास म्हणाला, आणि पायात चपला घालू लागला.

कागद चिकटवल्यावर कुंकवाचा लाल विटकरी झाला. मोरही जरा थकल्यासारखा दिसू लागला. पण भर उजेडात त्याची प्रत्येक चौकट दिसत होती. राजव्वाचं बोट भरून यायला मात्र फार दिवस लागले, आणि ते नख पुन्हा सरळ उगवलं नाही.

तात्पर्य: निवड चुकली, तर ते लवकर कबूल करावं. ती बरोबरच होती असं दाखवत बसलं, तर आपल्या हट्टाचा अंधार आपल्याच माणसांना सोसावा लागतो.