सरदारांचा नवस

एका राज्यातला डोंगरपट्टा फुटून वेगळा व्हायला निघाला. तिथले सरदार हैबतराव दरबारात म्हणाले, “दसऱ्यापासून आमचं राज्य वेगळं. नदीवर चौक्या बसतील. इकडचं-तिकडचं येणंजाणं बंद.” पंडित वाद घालून थकले.

सरदार तडक नदीकाठच्या देवळात गेले. तिथे द्वारकाबाई शुक्रवारची ओटी भरत होत्या. त्यांची लेक पलीकडे डोंगरपट्ट्यात दिलेली. चौक्या बसल्या की तिचं माहेर तुटणार होतं.

सरदारांनी नारळ ठेवला. “आई कुळस्वामिनी, राज्य वेगळं होऊ दे. सहकुटुंब येऊन तुला सोन्याचा मुकुट घालीन.”

द्वारकाबाईंनी हळूच विचारलं, “येणार कसे, सरदार? देवी तर अलीकडे राहिली. ती नवसाला पावली, की तुमचेच शिपाई तुम्हाला चौकीवर अडवणार.”

“माझ्यासाठी चौकी उघडतील.”

“आणि पट्ट्यातल्या घराघराची हीच कुळस्वामिनी. त्यांच्यासाठी?”

“त्यांच्यासाठीही उघडावी लागेल.”

“मग बसवता कशाला?”

सरदारांनी हात जोडले. मग हसून देवीला म्हणाले, “आई, मघाचं मागणं राहू दे.”

दसऱ्याला द्वारकाबाईंची लेक ओटी भरायला आली, तीही सरदारांच्याच नावेतून. देवीनं असंच साऱ्या लेकींचं माहेर राखावं.